मोबाइलवर किडे टिपायचेत? आधी रुईचं एक झाड शोधा

नाशिकमधल्या सातपूरच्या एका ताईंनी विचारलंय: "माझ्याकडे १८ हजारांचा फोन आहे. त्यात ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा आणि २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा आहे. ४०० रुपयांची '१५ एक्स' लिहिलेली क्लिप-लेन्सही घेतली. दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला पांडवलेणीच्या पायथ्याशी जाते, पण फुलपाखरं, चतुर, कोळी सगळ्यांचे फोटो पुसट येतात. नवीन फोन घ्यावा का? कुठं जावं? आणि सातवीतल्या मुलीला बरोबर नेलं तर चालेल का?"

ताई, नवीन फोन आत्ता घेऊ नका. तुमच्या हातात आहे तेवढ्या सामानावर फार चांगले फोटो निघतात. आधी बदलायची आहे ती वेळ.

दहा वाजता नाशिकचं ऊन चढलेलं असतं आणि किडेही चांगले तापलेले असतात. बहुतेक कीटकांचं अंग भोवतालच्या हवेबरोबर तापतं आणि निवतं. रात्रभर गारठलेल्या चतुराला पंखांचे स्नायू गरम झाल्याशिवाय उडताच येत नाही. पहाटे तो गवताच्या काडीला धरून बसलेला असतो, पंखांवर दव असतं, आणि तुम्ही बोटभर अंतरावर फोन नेला तरी फार तर काडीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. तोच चतुर दहा वाजता तुम्हाला दोन मीटरवरून ओळखतो आणि निघून जातो. त्याच्या मोठ्या डोळ्यांत हजारो नेत्रिका, म्हणजे चिमुकले डोळे, असतात आणि त्याला जवळजवळ सगळ्या दिशांचं दिसतं, त्यामुळे मागून दबकत जाण्याचाही उपयोग नाही.

म्हणून सूर्य उगवण्याच्या सुमाराला जागेवर पोहोचा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ तर नाशिककरांना मिळालेलं वरदान आहे. निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली गेला की द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो आणि त्यांची काळजी खरीच आहे. पण त्या दिवसांत बांधावरच्या गवतात किडे आठ-साडेआठपर्यंत हलत नाहीत. एवढा शांत बसलेला विषय तुम्हाला कुठला महागडा फोन मिळवून देणार नाही.

संध्याकाळही वाया घालवू नका. निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या असतात. त्यांचे नर पोळ्यात झोपत नाहीत. अंधार पडायच्या आधी ते एखाद्या वाळक्या काडीवर रांगेत येतात, जबड्याने काडी घट्ट धरतात आणि तसेच लटकून झोपी जातात. बऱ्याचदा रोज त्याच काडीवर येतात. गंगापूर रोडला एका कुंपणालगतची अशी काडी मला सापडली होती आणि मी सलग नऊ संध्याकाळी तिथं गेलो. पहिल्या दोन दिवशी एकही फोटो धड आला नाही. तिसऱ्या दिवशी कोण कधी येतं, कुठं बसतं हे कळलं आणि मग फोटो आपोआप जमत गेले.

आता फोनमधल्या कॅमेऱ्यांकडे येतो. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा विसरून जा. अशा कॅमेऱ्यांचा फोकस बहुधा कारखान्यातच एका ठरावीक अंतरावर कायमचा बसवलेला असतो, साधारण ४ सेंटिमीटरवर. त्यापेक्षा थोडं पुढं-मागं झालात की चित्र गेलं. शिवाय सेन्सर चिमुकला, त्यामुळे सावलीत सगळा चिखल होतो. महागड्या फोनमध्ये वेगळी युक्ती असते. अल्ट्रा-वाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या, कॅमेऱ्यालाच जवळचा फोकस करता येतो. २०२१ मध्ये आलेला आयफोन १३ प्रो असा २ सेंटिमीटरपर्यंत जातो. काही नव्या फोनमध्ये टेलिफोटो, म्हणजे लांबचं मोठं दाखवणारा, कॅमेरा जवळून फोकस करतो आणि किड्यांसाठी मला तो प्रकार सगळ्यात आवडतो, कारण अंतर राखता येतं. पण तुमच्याकडे मुख्य कॅमेरा आणि क्लिप आहे, त्यावर बोलू.

क्लिप-लेन्स म्हणजे साधं बहिर्गोल भिंग आहे. ते कॅमेऱ्यासमोर धरलं की फोनला एका ठरावीक अंतराच्या अलीकडचं-पलीकडचं काही स्पष्ट दिसत नाही. क्लिपवरच्या '१५ एक्स', '२० एक्स' या आकड्यांना कुठलंही ठरलेलं प्रमाण नाही, विकणारा छापेल तो आकडा. कामाचा आकडा डायॉप्टर, म्हणजे भिंगाची ताकद. १० डायॉप्टरच्या भिंगातून साधारण १० सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं, ४० डायॉप्टरच्या भिंगातून अडीच सेंटिमीटरवरचं. तुमच्या क्लिपचं अंतर घरीच मोजा. कंपासपेटीतली मोजपट्टी टेबलावर ठेवा, फोन वरून हळूहळू खाली आणा आणि रेघा स्पष्ट दिसतील तिथं थांबा. भिंगापासून पट्टीपर्यंतचं ते अंतर पाठ करा. बाहेर गेल्यावर फोकस शोधत बसायचं नाही, फोन थेट त्या अंतरावर न्यायचा.

मग तीच पट्टी ४५ अंशांत तिरकी धरून एक फोटो काढा. किती रेघा स्पष्ट आल्या ते बघा. अडीच सेंटिमीटरच्या भिंगाने मुख्य कॅमेऱ्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर खोली स्पष्ट येते. तुमचे फोटो पुसट का येतात याचं उत्तर त्या पट्टीवर आहे. डोळा स्पष्ट आला की पाय पुसट येणार, हे भिंगाच्या स्वभावातच आहे. बहुतेक फोनमध्ये कॅमेऱ्याचं छिद्र लहान-मोठं करता येत नाही, म्हणून ही खोली सेटिंगमध्ये शोधूनही वाढत नाही. ती वाढवायचा साधा मार्ग म्हणजे थोडं मागं जाणं आणि नंतर फोटो कातरणं. म्हणजे सौम्य भिंग घ्यायचं, किडा चौकटीत लहान दिसू द्यायचा आणि ५० मेगापिक्सेलचा उपयोग कातरण्यासाठी करायचा. नवशिक्याला चौकट भरून किडा हवा असतो आणि तिथंच घात होतो.

भिंग बदलायचंच असेल तर दोन काचा चिकटवून केलेलं, रंगांच्या कडा न सोडणारं घ्या. त्याला अ‍ॅक्रोमॅट म्हणतात. एम. जी. रोडवर क्लिप भरपूर मिळतात, पण मी सुरुवात केली ती सराफ बाजारात घड्याळजी वापरतात तसल्या भिंगावर. ४ एक्सच्या अशा भिंगातून साधारण ६ सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं आणि किडा न घाबरता काम होतं. १० एक्सच्या भिंगातून अडीच सेंटिमीटरवरचं, ते गारठलेल्या किड्यांसाठीच ठेवा. प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये भिंग बसवून दोऱ्याने बांधलं तरी चालतं.

एक चूक जवळजवळ सगळ्यांची होते, म्हणून ठळक सांगतो. फोनचं कव्हर काढल्याशिवाय क्लिप लावू नका. भिंगाचा मध्य आणि कॅमेऱ्याचा मध्य जुळला नाही, एखाद-दोन मिलिमीटरने सरकला, तरी अर्धा फोटो वितळल्यासारखा दिसतो. शिवाय जवळ गेलं की फोन स्वतःच्या मनाने कॅमेरा बदलतो. तुम्ही मुख्य कॅमेऱ्यावर भिंग लावलेलं असतं आणि फोन गुपचूप शेजारच्या कॅमेऱ्यातून बघत असतो. ओळखायचं कसं? पडद्याकडे बघत एकेका कॅमेऱ्यावर बोट ठेवा. ज्याच्यावर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो तो चालू आहे. मी एक अख्खा पावसाळा ही तपासणी केली नव्हती आणि त्या पावसाळ्यातले फोटो नंतर कशाच्याही कामाला आले नाहीत. प्रो मोडमध्ये बहुतेक फोन कॅमेरा बदलत नाहीत, म्हणून तिथंच काम करा.

प्रो मोडमध्ये गेलातच तर थोडक्यात एवढं सांभाळा: शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) जमेल तेवढा कमी, उजेड (एक्स्पोजर) अर्धी पायरी खाली, फोकस हाताने एका जागी पक्का. मग पडद्यावर बोट फिरवायचं नाही. श्वास रोखून अंग पुढं-मागं झुलवायचं आणि डोळा चमकला की धडाधड दहा-पंधरा फोटो काढायचे. त्यातला एक लागतो. पोर्ट्रेट मोड किड्यावर कधीही लावू नका, तो मिशा आणि पायांचे केस खाऊन टाकतो. फोन आपणहून फोटो गुळगुळीत करत असेल तर रॉ, म्हणजे फोनने न सुधारलेल्या मूळ, स्वरूपात साठवून बघा. पंखांवरचे खवले फोनला 'खरखर' वाटतात आणि तो ते पुसतो.

कोन कसा धरायचा? जी स्पष्ट खोली मिळते ती पातळ कागदासारखी असते. किड्याचं अंग त्या कागदात बसवायचं. टाचणी (चतुराचा सडपातळ भाऊबंद) काडीला समांतर बसते, मग फोनही काडीला समांतर धरा. पंख मिटलेलं फुलपाखरू बाजूने, पंख पसरलेला चतुर वरून. कोळी किंवा खंडोबाचा किडा (प्रेइंग मँटिस) असेल तर समोरून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यासाठी पोटावर आडवं व्हावं लागलं तर व्हा. खंडोबाच्या किड्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो आणि तो तुमच्याकडेच वळतो असं वाटतं. तो बुबुळ नसतो. नेमक्या तुमच्या दिशेला तोंड असलेल्या नेत्रिका प्रकाश शोषून घेतात, परत फेकत नाहीत, म्हणून तेवढी जागा काळी दिसते. तुम्ही जागा बदलली की ठिपकाही सरकतो. ठिपका दोन्ही डोळ्यांत सारखा दिसला की समजा, तुम्ही बरोबर समोर आहात.

उजेडाचं मी सगळ्यात जास्त सांगेन, कारण चांगला आणि साधा फोटो इथंच वेगळे होतात. भुंग्याची पाठ आरशासारखी असते. थेट ऊन किंवा फोनचा फ्लॅश पडला की पांढरा डाग पडतो आणि रंग मरतो. उपाय चार आण्याचा आहे: ए-फोर आकाराचा पांढरा कागद किंवा बटर पेपर. ऊन आणि किडा यांच्या मधे तो धरा, उजेड मऊ होतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा ठेवा, सावलीतले पाय उजळतात. ढगाळ श्रावणात आकाशच हे काम करतं, म्हणून पावसाची उघडीप झाली की मी हातातलं काम टाकून निघतो. गर्द सावलीत छोटा एलईडी दिवा वापरा, पण त्यावरही कागद लावा. दिव्याच्या लहरींमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/१०० करून बघा. पार्श्वभूमीही बघा. किड्यामागं लगेच पान असेल तर सगळा गोंधळ दिसतो. हातभर लांब असेल तर हिरवा मऊ रंग मिळतो. एक पाऊल डावीकडे सरकल्याने हे होतं.

वाऱ्यासाठी कपड्यांचा चिमटा आणि एक काडी. काडी जमिनीत रोवायची आणि हलणारं देठ चिमट्याने हलकेच तिला टेकवायचं. फांदी ओढायची नाही. सुरुवातीच्या काळात मी कोष असलेली एक फांदी जवळ ओढली आणि ती तुटली. तो कोष वाचला नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या कुठल्या फांदीचा उपयोग नव्हता, त्याने ती जागा निवडली होती. तेव्हापासून मी फांदीला हात लावत नाही. वारा थांबेपर्यंत थांबतो.

आता 'कुठं जावं'. पांडवलेणीचा पायथा आणि तिथलं नेहरू वनोद्यान चांगलंच आहे, फक्त सकाळी लवकर जा. पण माझा सल्ला आहे की जागा शोधत फिरण्यापेक्षा रुईचं एक झाड शोधा आणि दोन महिने त्याच झाडाकडे जा. सातपूरला मोकळ्या प्लॉटच्या कडेला, रस्त्यालगत कुठंही सापडेल. शनिवारी मारुतीला ज्या पानांची माळ घालतो तीच रुई.

त्या एका झाडावर किती काय असतं बघा. पानामागं पट्टेरी अळी दिसेल: काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर तीन जोड्या काळ्या शिंगांच्या. ही 'प्लेन टायगर' फुलपाखराची अळी. ती पान खाण्याआधी शिरा कुरतडून चीक वाहून जाऊ देते, मग पुढचा भाग खाते. हे सलग बघायला मिळालं तर व्हिडिओ काढा. पुढं कोष होतो, हिरवा किंवा फिकट गुलाबी, त्यावर सोनेरी ठिपके. कोवळ्या शेंड्यावर पिवळ्याधमक माव्याची दाटी असते. माव्याचा गोड पाझर घ्यायला मुंग्या येतात, आणि मावा खायला लाल ढालकिडा आणि त्याची मगरीसारखी दिसणारी अळी. केसाएवढ्या दांड्यांच्या टोकावर पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपाची, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका नाजूक हिरव्या किड्याची. द्राक्षवाल्यांना हा मित्रकीटक ठाऊक असतो. निळा-पिवळा रंगीत नाकतोडाही याच झाडावर वाढतो आणि त्याची पिल्लं चिमटीत धरली तर चिळकांडी उडवतात. फुलांवर मोठा काळा भुंगा येतो, रुईचं परागीकरण मुख्यतः तोच करतो. सांगायचं म्हणजे एका झाडावर खाणारा, खाल्ला जाणारा आणि राखण करणारा असे सगळेच सापडतात, आणि रोज गेल्यावर कोण कुठं बसतं हे तुम्हाला कळतं. मोबाइलच्या फोटोला ती ओळख लागते. टेलिफोटोवाला लांबून नशीब आजमावू शकतो, आपल्याला जवळ जायचं असतं.

घरातला कढीपत्ता आणि लिंबूही असाच कामाचा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर फेकू नका. ती लिंबाच्या फुलपाखराची किंवा त्याच्या भाऊबंदांची आहे आणि काही दिवसांत हिरवी होते. आपलं राज्य फुलपाखरू 'ब्लू मॉरमॉन', म्हणजे राणी पाकोळी, याच कुळातलं. २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला तो मान दिला.

मृग लागला आणि पहिला जोराचा पाऊस पडला की मखमली लाल मृगाचा किडा बघायला जा. त्याला आठ पाय असतात, म्हणून तो कीटकांत न बसता कोळ्यांच्या नातेवाइकांत बसतो. लाल रंग फोन जास्त भडक करतो, तेव्हा उजेड एक पायरी खाली आणा, नाहीतर मखमलीचे केस दिसत नाहीत. भाद्रपदात अंजनेरीच्या डोंगरावर कंदीलपुष्पं फुलतात. त्यांच्या नळीत छोट्या माश्या काही काळ अडकतात आणि परागीकरण करून सुटतात. ती फुलं दुर्मीळ आहेत, पायवाट सोडून पठारावर चालू नका. एका फोटोसाठी पाच रोपं तुडवलेली मी पाहिली आहेत आणि ते मनातून जात नाही. उन्हाळ्यात गंगापूर धरणाच्या काठच्या ओल्या मातीवर फुलपाखरं क्षार शोषायला बसतात. बहुतेक नर असतात आणि एकदा सोंड टेकवली की बराच वेळ हलत नाहीत.

द्राक्षबागेत मात्र मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नका. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीनंतर, फवारण्या सुरू असतात, आणि फवारलेल्या पानाजवळ नाक नेऊन बसणं तुमच्यासाठी बरं नाही. बागेपेक्षा बांध बघा, किडे तिथंच असतात. पूर्वेकडच्या तालुक्यांत बाजरीच्या कणसांवर काळे-लालसर हिंगे येतात. दिसायला सुंदर, पण त्यांच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड उठतात. हात लावायचा नाही. केसाळ सुरवंटांचंही तेच. पोटावर आडवं होण्याआधी गवत काठीने हलवून घ्या. फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्याकडे आहेत. पायात बूट हवेत, चप्पल नको.

काही लोक किडा फ्रिजमध्ये गार करून किंवा डिंकाने चिकटवून फोटो काढतात. मला हे अजिबात मान्य नाही. पहाटेची थंडी तेच काम किड्याला इजा न करता करते, आणि तो उन्हात पंख वाळवून उडून जातो.

आणि मुलीचं विचारलंत. जरूर न्या. फक्त रुईचं पान किंवा फांदी तिला तोडू देऊ नका. तो चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून परत निघताना दोघींनी हात धुवा आणि तोवर डोळ्याला बोट लावू नका. तिच्या हातात पांढरा कागद द्या. उजेड कसा मऊ होतो हे तिला पाच मिनिटांत कळेल. शिवाय तिची उंची किड्यांच्या जास्त जवळची आहे, पानामागची अंडी तुमच्या आधी तिलाच दिसतील. एक वही ठेवा: तारीख, वेळ, झाड, काय दिसलं. नाव माहीत नसेल तर वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो काढून आयनॅचरलिस्ट या जीवजातींच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाका, तिथले जाणकार ओळखून देतात. फुलपाखरू असेल तर मिटलेल्या पंखांची खालची बाजू नक्की टिपा, बऱ्याच जाती तिथूनच ओळखू येतात. येत्या रविवारी साडेसहाला निघा. पहिल्या दिवशी फोन अर्धा तास पिशवीतच राहू दे आणि दोघी मिळून त्या झाडाचं एकेक पान उलटून न तोडता बघा.